तीसपैकी सत्तावीस

अर्धांगाचा झटका येऊन तिसरा दिवस होता. शर्टांच्या कारखान्यातले कटिंगमास्तर इस्पितळाच्या पलंगावर बसून, पायांवरून ओढलेल्या चाकाच्या टेबलावर, पेन्सिलीने घड्याळ काढत होते. कागदावर गोल छापलेलाच होता. आत आकडे भरायचे आणि काटे सव्वाआठवर ठेवायचे, एवढंच काम. बारा, एक, दोन, तीन असे उजव्या कडेने ते झकास उतरले. सहाशी आल्यावर डावीकडे वळून वर चढायचं, तर ते वळलेच नाहीत. सात, आठ, नऊ, दहा, अकरा सगळे त्याच उजव्या अर्ध्यात एकमेकांच्या डोक्यावर कोंबले. डावा अर्धा कोरा.

"घ्या," पेन्सिल ठेवत ते म्हणाले. "घड्याळजीला दाखवलंत तर उद्यापासून कामावर घेईल."

चाचणी घेणाऱ्या मुलीने मान डोलावली आणि समासात काहीतरी टिपलं. वॉर्डात तिला सगळे ताई म्हणत. झटका आलेल्या माणसाचं डोकं कितपत शाबूत आहे ते पहिल्या काही दिवसांतच पाहायचं, हे तिचं काम. तिने थोड्या वेळापूर्वी पाच शब्द सांगितले होते. आता ते तिने परत विचारले.

"बदक," मास्तर म्हणाले.

"अजून?"

"एक बदक पुरे झालं की! कळप काय करायचाय?"

मग शंभरातून सात वजा करत जायचं होतं. मास्तर त्र्याण्णवला पोचले आणि तिथेच बस चुकल्यासारखे उभे राहिले.

पलंगाच्या पायथ्याशी त्यांची बायको बसली होती. ती एकतीस वर्षं शाळेत चौथीचा वर्ग सांभाळून गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. गल्ली, बाजार, नातेवाईक, सगळे तिला बाईच म्हणत. हातातली जपमाळ केव्हाची थांबली होती. तिचं सगळं लक्ष त्या कागदावर होतं, आणि कागद उलटा असला तरी उलटा कागद वाचायची सवय मास्तरणीला नसेल तर कोणाला असेल? खाली कोपऱ्यात ताईने बेरीज लिहिली. तीसपैकी चौदा.

 सरपटत-फरपटत का होईना, बाईंच्या वर्गातून नापास होऊन कोणी गेलं नव्हतं.

"काकू, घाबरू नका," ताई म्हणाली. "ही परीक्षा नाही. यात पास-नापास नसतं. आठव्या दिवशी पुन्हा करू, मग पुढचं ठरवू."

पास-नापास नसतं! हेच वाक्य बाईंनी स्वतः किती रडक्या पोरांना ऐकवलं होतं, आणि संध्याकाळी घरी जाऊन लाल शाईने गुण मांडले होते. त्या मनात म्हणाल्या, बाळ, हे तू मला नको सांगूस.

आता मास्तरांकडे पाहून कोणालाही वाटलं असतं की माणूस धडधाकट आहे. बोलणं खणखणीत होतं. डावा हात जरा जड, बधिर झाला होता, चालताना डावा पाय थोडा घासत होता. पण त्यांना विचारलं तर म्हणत, "मला काय धाड भरलीय? हात अवघडलाय. बाईसाहेबांनी रात्रभर उशी करून घेतला असेल." त्यांना खरंच काही कळत नव्हतं. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला होता, आणि त्या माराने त्यांच्या जगाचा डावा अर्धा पुसला होता. पुसलाय हे कळायला जे लागतं तेही त्याच्याबरोबर गेलं होतं. देवाने दुःख दिलं तर दुःखाची जाणीवही देतो, म्हणून माणूस निदान त्याला हाक तरी मारतो. इथे तेवढंही ठेवलं नव्हतं.

त्या दुपारी बाईंनी पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि चाचणीचा कागद जसाच्या तसा आठवून उतरवला. पाच शब्द, घड्याळ, वजाबाकी, तारीख-वार, चित्रातले तीन प्राणी.

चार ते सहा भेटायची वेळ. चारच्या ठोक्याला बाई हजर.

"अहो, ऐका. बदक पायरीवर बसलं. त्याने आरशात पाहिलं. गळ्यात दोरी, चोचीत लिंबू. म्हणा."

"कशाला?"

"माझ्यासाठी."

"एवढं नटूनथटून निघालंय कुठे ते बदक? लग्नाला?"

"म्हणा हो!"

मास्तर म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तीन शब्द आले, तिसऱ्या दिवशी पाचही. वजाबाकी त्यांना करता येईना, म्हणून बाईंनी ती पाढ्यासारखी चालीवर बसवली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. घड्याळाला खास युक्ती काढली. आधी वर बारा, खाली सहा, मग इकडे तीन, आणि मग पेन्सिलीचं टोक आडवं सरळ ओढत न्यायचं, कडेला टेकलं की तिथे नऊ. मग मधले भरायचे. कच्च्या मुलाला भूमितीत पास करायची ही जुनी रीत. समजलं नाही तरी चालतं, हाताला वळण लागलं की झालं.

लेक त्यांच्याच कारखान्यात शिवणाच्या मशीनवर होती. सुट्टी काढून ती भेटायला आली आणि दोन मिनिटं ही शिकवणी पाहत राहिली.

"आई, हे बरोबर नाही गं वाटत. त्यांना बघू दे ना, काय येतं काय नाही ते."

"काय येत नाही ते मी बघितलंय. चारचौघांत कशाला मांडायचं?"

"अगं पण डॉक्टर काय चारचौघं आहेत?"

"तू गप. तुझे बाबा सध्या माझ्या वर्गात आहेत."

शेजारच्या खाटेवर एक ट्रक चालवणारा होता, धिप्पाड, मास्तरांच्या आदल्या दिवशी झटका आलेला. त्याला कोणाचं येणंजाणं नव्हतं. तो कुशीवर वळून म्हणाला, "बाई, मलाबी घ्या की वर्गात. फी नाय माझ्याकडं, पण फळा पुसून देईन."

बाईंनी त्यालाही शिकवायचा प्रयत्न केला. त्यांचं मन मोठं होतं, यात शंका नाही. पण ड्रायव्हरच्या डोक्यात काही टिकेना. बदक सोडून तो बोकडावर गेला, लिंबाचा नारळ झाला. "पालथ्या घड्यावर पाणी घालताय बाई," म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

आठव्या दिवशी ताई आली. सगळ्या वॉर्डासाठी पाळीवर दोघीच होत्या, तिचे डोळे झोपेने जड होते. हातात तोच कागद, तीच चित्रं.  चाचणी घेणाऱ्यांकडे वेगवेगळे दोन-तीन कागद असतात हे बाईंना कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं, देवाने ऐकलं.

मास्तरांनी बदक पायरीवर बसवलं. वजाबाकी चालीत म्हटली. पेन्सिल आडवी ओढून नऊ लिहिले. घड्याळ असं देखणं काढलं की ताईने ते उचलून पाहिलं.

"सत्तावीस! काका, कमाल आहे."

"कमाल कसली? कापडाला कात्री लावणारा माणूस आहे मी. घड्याळ काय..."

ताई बाईंकडे वळली. "काकू, हा कागद मधल्या दिवसांत यांनी पाहिला नव्हता ना?"

"कागद तर तुमच्याकडेच होता," बाई म्हणाल्या.

शब्दात खोटं काही नव्हतं.

ताईने फाइल मिटली. "मग बरं झालं. वरच्या मजल्यावर आमचा सरावविभाग आहे. चाचणीत ज्यांच्या मेंदूला मार बसलेला दिसतो त्यांना तिथे पाच-सहा आठवडे ठेवून सगळं नव्याने शिकवतात. बघायचं कसं, वळायचं कसं, शर्ट घालायचा कसा. पण सहाच खाटा आहेत, आणि झटक्यापासून चाळीस दिवसांच्या आतच घेतात, कारण त्या दिवसांत मेंदू ओल्या मातीसारखा असतो. काकांचं नाव मी त्यासाठी काढून ठेवलं होतं. आता गरज नाही. त्यांना घरी न्या."

तेव्हा बाईंना सांगता आलं असतं. वही पिशवीत होती. ती काढून टेबलावर ठेवली असती तरी पुरे होतं. पण बाईंनी मनात त्या वरच्या मजल्याचा ढ मुलांचा वर्ग केला. शेवटच्या बाकावरचा, ज्याचं नाव घेताना मुलं हसतात तो. माझा नवरा त्या वर्गातून वाचला, असंच त्यांना वाटलं. त्या हात जोडून म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो."

त्याच दुपारी ड्रायव्हरला चाकाच्या खुर्चीत घालून वर नेलं. त्याला तीसपैकी नऊ मिळाले होते. जाता जाता त्याने हात हलवला. बाईंना त्याची फार दया आली. त्यांनी त्याच्या नावाने एक माळ जपली.

घरी पहिले दिवस कौतुकात गेले. शेजारीपाजारी येऊन म्हणत, काही कळतसुद्धा नाही यांना काही झालंय ते. मास्तर ताटातलं अर्धंच जेवत, बाईंना वाटे भूक मेली. मग एकदा ताट सहज फिरवलं गेलं, तर उरलेलं अर्धं त्यांनी मिटक्या मारत खाल्लं आणि म्हणाले, "हे मघाशी का नाही वाढलंस?" दाढी अर्धीच होई. शर्टाची डावी बाही पाठीमागे लोंबत राही आणि ते तसेच दाराबाहेर पडत. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटून म्हणत, "कोणी आणून ठेवलं हे इथे?" बाई हसण्यावारी न्यायच्या. रात्री जप करताना मात्र मणी मोजता मोजता चुकायच्या.

"होईल सगळं," त्या लेकीला म्हणत. "सत्तावीस गुण काय उगाच मिळतात?"

असं म्हणताना त्या लेकीकडे बघत नसत. 

पाचव्या आठवड्यात मास्तरांनी कामावर जायचा हट्ट धरला. सुंभ जळला तरी पीळ जाईना. कारखान्याच्या मालकीणबाईंनी त्यांचं टेबल कोणाला दिलं नव्हतं. इस्पितळाचा कागद पाहून त्या म्हणाल्या, "सत्तावीस? मास्तर, माझे एवढे येणार नाहीत. या खुशाल."

कटिंगचं टेबल बारा हात लांब. त्यावर कापडाचे साठ थर एकावर एक पसरून, वर खडूने मांडणी आखून, उभ्या पात्याच्या विजेच्या मशीनने साठ शर्टांचे भाग एकदम कापायचे. उजव्या हातात मशीन असतं, डाव्या हाताने कापड दाबून धरायचं. म्हणून डाव्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा घालायचा. पस्तीस वर्षं मास्तर नव्या पोरांना आधी मोजा दाखवत आणि मगच मशीन.

त्या सकाळी मोजा टेबलाच्या डाव्या टोकाला, खिळ्यावर, जिथे नेहमी असे तिथे होता. मास्तरांनी उजवीकडचा खडू घेतला. त्यांची रेघ दोरीसारखी सरळ आली. सगळे कौतुकाने बघत होते. त्यांनी उजव्या बाजूचे भाग आखले, शर्टाची पाठ अर्धीच आखली, डाव्या बाजूला काहीच आखलं नाही, आणि मशीन सुरू केलं.

लेक तिच्या मशीनवरून उठली तोवर पातं कापडातून पुढे गेलं होतं. डावा हात त्या कापडावरच पडलेला होता, कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

"बाबा! हात! बाबा, हात!"

"कोणाचा?" मास्तर म्हणाले आणि उजवीकडे बघितलं.

पांढऱ्या कापडाच्या साठही थरांत रक्त उतरलं. तळवा अर्धा चिरला होता. त्यांना दुखलं नाही. लोकांनी मशीन बंद केलं तेव्हा ते रागावले, कापड कोणी सरकवलं म्हणून.

इस्पितळाच्या तळमजल्यावर चौदा टाके पडले. तो छत्तिसावा दिवस होता. टाके घालेपर्यंत बाई जिना चढून ताईच्या खोलीसमोर गेल्या. दार उघडं होतं. ताई आत काहीतरी लिहीत होती. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. सांगायचं काय? मी नक्कल करवली. एकतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी मी पोरांना बाकावर उभं केलं ती मी केली. ताईने मान वर केली असती तरी बाई बोलल्या असत्या. ताईने मान वर केली नाही. बाई जिना उतरल्या.

मग त्यांनी स्वतःला समजावलं की टाके निघतील त्या दिवशी सांगू. हात आधी बरा होऊ दे. माणूस देवाच्या दारातसुद्धा असाच घुटमळतो. आतला बोलवत नाही असं म्हणून परततो, आणि पाऊल आपणच उचललेलं नसतं.

टाके दहा दिवसांनी निघाले. त्या दिवशी मात्र बाईंनी वही टेबलावर ठेवली.

ताईने पानं उलटली. बदकाची गोष्ट वाचली. पेन्सिलीचं टोक आडवं ओढायची सूचना वाचली, तिच्याखाली बाईंनी दोनदा रेघ मारली होती.  मग ताईने उठून कपाटातून दुसरा कागद काढला. दुसरे पाच शब्द, दुसरे प्राणी, आणि घड्याळात पावणेपाच.

मास्तरांना तेरा मिळाले.

"हा कागद तेव्हाही या कपाटात होता," ताई म्हणाली. "हाताशी तो पहिला होता, म्हणून तोच घेतला. मी उठायला हवं होतं." तिने वही मिटली. "पण काकू, आधी का नाही सांगितलंत?"

"आज सांगतेय ना बाळ. आता घ्या त्यांना वर. मी पाया पडते तुमच्या."

"आज किती दिवस झाले?"

बाईंना आकडा माहीत होता. शेहेचाळीस.

"मी विचारून येते," ताई म्हणाली आणि गेली. बाई आणि मास्तर बाहेरच्या बाकावर बसले. समोरच्या जिन्यावरून एक धिप्पाड माणूस कठडा न धरता, सावकाश, पायऱ्या मोजत उतरत होता. शर्टाच्या दोन्ही बाह्या नीट, बटणं बरोबर लावलेली.

"बाई! मास्तर!" ड्रायव्हर ओरडला. "ओळखलं का? आज सुट्टी मिळाली मला. ट्रक नाय चालवायचा आता, पण गोदामात मोजणीचं काम देतो म्हणालेत." त्याने दोघांसमोर उभं राहून आधी डावीकडे, मग उजवीकडे अशी मान फिरवली, शिकवल्याप्रमाणे. "बघा, असं बघायला शिकवलं. पाच आठवडे नुसतं हेच. मी ढ निघालो म्हणून बरं, बाई. हुशार असतो तर कोण शिकवणार होतं?"

तो मनापासून हसत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. बाईंनी त्याला आशीर्वाद दिला, आणि तो खराच दिला. पण तो दारातून बाहेर गेला तेव्हा त्यांनी तोंडात पदर कोंबला.

ताई आली. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. खाटा भरलेल्या, यादीत अकरा माणसं, आणि चाळीस दिवसांचा नियम मोठ्या डॉक्टरांनीही मोडला नाही. "दहा दिवस आधी आला असतात तर मी भांडले असते," ती म्हणाली आणि लगेच ओठ चावला. छापील चार पानांचा घरी करायचा सराव तिने बाईंच्या हातात दिला. "करा. थोडंफार... काही वेळा होतं."

बाईंनी एकतीस वर्षं पालकांना हेच सांगितलं होतं. काही वेळा होतं. त्याचा अर्थ त्यांना पाठ होता.

घरी आल्यावर त्यांनी सरावाची पानं उघडली. मास्तर खुर्चीत बसले होते, पट्टी बांधलेला हात मांडीवर.

"हे काय?"

"सराव. रोज एक तास करायचा. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"कोण म्हणतं?"

"आज तेरा मिळाले तुम्हाला."

"आज त्या पोरीने अवघड काढलं होतं. आधी सत्तावीस मिळालेत मला, विसरलीस? कागद आहे. त्यावर शिक्का आहे." त्यांनी आवाज चढवला. "मला नापास करायचंय का सगळ्यांना? आधी माझं कापड सरकवलं, आता हे. तू तरी, अगं, तू तरी..."

 सत्तावीस खोटे म्हटलं तरी ते मानणार नव्हते. डोक्यात काही बिघडलंय हे त्यांना पटायचा एकच रस्ता होता, आणि तो बाईंनी स्वतः शिक्का मारून बंद केला होता. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, रुग्णाच्या डाव्या बाजूला बसावे, नावाने हाक मारावी, तो वळेपर्यंत थांबावे. बाईंनी स्टूल ओढलं आणि मास्तरांच्या डाव्या हाताशी, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, बसल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. तोंडाने नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. आज घेतलं.

मास्तर दचकले. त्यांनी उजवीकडे पाहिलं, दाराकडे. मग आणखी उजवीकडे, खिडकीकडे.

"कुठे आहेस?"

"इथे."

"इथे म्हणजे कुठे? दिवा लाव की."

दुपारचे चार वाजले होते. खोलीत भरपूर उजेड होता. बाईंनी पुन्हा हाक मारली. ते मान फिरवत राहिले, उजवीकडेच, जेवढी वळेल तेवढी, आणि चिडत गेले. बाईंनी त्यांचा डावा हात, पट्टीसकट, आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना तो घेतलेला कळला नाही. देवाचं नाव ओठावर आलं, पण पुढे काय मागायचं ते सुचेना. म्हणून पानावर लिहिल्याप्रमाणे त्या थांबल्या, आणि मग पुन्हा हाक मारली.